लिबी कुबिकचं शुद्धिपत्र

समजा, तुमच्यासमोर टेबलावर एक पुस्तक आहे आणि त्यातलं एक पान तुम्हाला नाहीसं करायचं आहे. फाडायचं नाही. फाडणारे पुष्कळ असतात आणि ते सगळे पकडले जातात. पान असं जायला हवं, की उद्या वाचणाऱ्याला ते तिथे होतं याची शंकाही येऊ नये.

आधी पुस्तक उघडून पाठीवर निजवा. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवा, म्हणजे कण्यावर ताण येणार नाही. आता पान अगदी मुळाशी कापावंसं वाटेल. तसं करू नका. शिवलेल्या पुस्तकात एकटं पान नसतं; एक कागद दुमडून दोन पानं होतात आणि घडीतून दोरा जातो. एक पान मुळापासून गेलं की त्याचं जोडपान महिन्याभरात सुटून कुणाच्या तरी मांडीवर पडतं आणि चौकशी सुरू होते. म्हणून मुळाशी नखाच्या पांढऱ्या कडेएवढी पट्टी ठेवायची. पोलादी फूटपट्टी, नवं पातं आणि एकच ओढ. दोनदा पातं फिरवलंत की कड केसाळ होते. मग उरलेल्या पट्टीला गव्हाच्या खळीचा हलका हात देऊन ती शेजारच्या पानाला चिकटवायची, वर मेणकागद, त्यावर वीट, आणि सकाळपर्यंत थांबायचं.

सकाळी पुस्तक हातात घेऊन अंगठ्याने भर्रकन चाळा. अंगठा कुठे अडला नाही तर जमलं.

लिबी कुबिकचा अंगठा सदतीस वर्षांत एकदाही अडला नव्हता.

टाबोर क्रीक गावातल्या कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, वाचनालयाच्या तळघरात, बॉयलरच्या शेजारी, तिची खोली होती. फाटलेली, सुटलेली, बाथटबात पडलेली पुस्तकं तिथे यायची आणि ती त्यांना पुन्हा उभं करायची. पासष्टाव्या वर्षी ती रीतसर निवृत्त झाली, गाजराचा केकही कापला. पण खोलीची किल्ली परत मागायचं धाडस कुणाला झालं नाही. आता ती सत्त्याहत्तर वर्षांची होती. लग्न केलं नव्हतं. आई-वडिलांना शेवटपर्यंत सांभाळलं, आणि त्यानंतर पुस्तकं सांभाळत होती. निदान गावाचा समज तसा होता.

सगळ्यात जास्त दुरुस्तीला यायची ती दरोडेखोरांची पुस्तकं. मंदीच्या काळात बँका लुटणाऱ्या त्या माणसांवर दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी नवं पुस्तक लिहायचं, आणि गव्हाची पेरणी झाली की सगळी कौंटी ती वाचायला बसायची. त्यांतला आपल्या भागातला म्हणजे रॉस टॅकेट. बावीस महिन्यांत सतरा बँका. बँका लोकांची शेतं गिळत होत्या आणि टॅकेट बँकांना लुटत होता, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलताना म्हाताऱ्यांचा आवाज अजूनही मऊ व्हायचा. दर ऑगस्टमध्ये एका शनिवारी मुख्य रस्त्यावर त्याच्या नावाने जत्रा भरायची. लोक बँकेच्या दगडी खांबातल्या गोळीच्या भोकात पोरांची बोटं घालून फोटो काढायचे. त्या शनिवारी लिबी घराबाहेर पडायची नाही.

कारण बावीस ऑगस्ट एकोणीसशे तेहतीसला तिचा भाऊ एमिल त्या बँकेत होता. बँकेशी त्याचं काही काम नव्हतं. तो लोण्याच्या डेअरीत कामाला होता आणि कॅशियरच्या बायकोसाठी दोन पौंड लोणी द्यायला गेला होता. टॅकेटची टोळी आत होती. बाहेर पडताना त्यांनी कॅशियर, शाळेतली मास्तरीण आणि एमिल अशा तिघांना मोटारीच्या दारांखालच्या पायरीवर उभं केलं, एक-एक हात खिडकीतून आत घेऊन धरून ठेवला. ढाल म्हणून. गाडी निघाली, गोळ्या सुटल्या, आणि तिसऱ्या गल्लीच्या कोपऱ्यावर एमिल खाली पडला. कॅशियर आणि मास्तरीण दहा मैलांवर एका शेतात जिवंत सापडले. एमिल बावीस वर्षांचा होता आणि लिबी एकोणीस. आई कणकेच्या हातांनी धावत गेली होती. एमिलच्या शर्टावर ते पिठाचे हात तसेच राहिले.

आठ महिन्यांनी टॅकेट आर्कान्सामध्ये पोलिसांच्या हातून मेला. बातमी आली तेव्हा लिबी रडली. लोकांना वाटलं, सुटकेचं रडू असेल. तिला वाटत होतं, दुसऱ्या कुणीतरी आपल्या ताटातला घास पळवला.

मग राहिली पुस्तकं. वाचनालयात लागल्यावर पहिलं पुस्तक तिच्या टेबलावर आलं तेव्हा तिने ते मुखपृष्ठापासून शेवटपर्यंत वाचलं, नवं पातं बसवलं आणि एक पान काढलं. त्यात टॅकेटने एका विधवेच्या गहाणखताचा कागद तिच्याच चुलीत घातल्याची हकिगत होती. पुढच्या पुस्तकातून तो माउथ ऑर्गन वाजवायचा ते पान गेलं. त्याच्या पुढच्यातून, तो आईला दर रविवारी पत्र लिहायचा ते. नऊ पुस्तकांतली चौदा पानं एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होती. त्यांतली तीन तिला सगळ्यात नीच वाटायची. तीन वेगवेगळ्या पुस्तकांत टॅकेटची बहीण, त्याचा गाडी चालवणारा साथीदार आणि त्याला शेवटचा भेटलेला पाद्री, तिघंही एकच सांगत होते : रॉस म्हणायचा, त्या लोणीवाल्या पोराला आमच्यातल्या कुणी मारलं नाही.

मारायचं आणि वर नाही म्हणायचं. त्या तीन पानांना तिने पातं लावलं तेव्हा तिचा हात जराही हलला नव्हता.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी ग्रंथपाल रूथॲन एक खोका घेऊन तळघरात आली.

"मिस कुबिक, सहा प्रती आहेत. कौंटीच्या सगळ्या शाखांना एक-एक. शनिवारी लेखक स्वतः येतोय बोलायला. शुक्रवारपर्यंत प्लास्टिकची कव्हरं चढतील ना?"

"कुणावर आहे?"

"तुम्हाला माहीत आहे कुणावर."

"अजून मेला नाही वाटतं तो."

"सत्तावन्न वर्षं झाली की मरून."

"मग त्या लेखकांना कुणीतरी कळवा."

रूथॲन हसली, पण खोका ठेवून लगेच निघाली. जिन्यावरून म्हणाली, "पोरगा चांगला वाटला फोनवर. कॉलिन प्रेस्कॉट नाव आहे. तुम्हाला भेटायचं म्हणत होता. तीन पत्रं पाठवली म्हणाला."

पत्रं आली होती. ती न फोडता बॉयलरमध्ये गेली होती.

लिबीने नेहमीसारखं पातं बदललं, पट्ट्या मांडल्या, चष्मा पुसला आणि पहिली प्रत उघडली. टाबोर क्रीकचं प्रकरण पृष्ठ दोनशे एकपासून सुरू होत होतं. पोरगा बरा लिहीत होता. बँकेच्या घड्याळाची वेळ बरोबर होती, एमिलचं वय बरोबर होतं, लोणी दोन पौंड होतं हेसुद्धा. दोनशे चौदावर ती थांबली.

त्याला राज्याच्या दप्तरखान्यात डॉक्टरचा मूळ अहवाल सापडला होता. गोळी डाव्या खांद्याच्या वरच्या बाजूने आत शिरून उजव्या बरगड्यांखाली थांबलेली. म्हणजे वरून आलेली. आणि रायफलची. टॅकेटच्या माणसांकडे पिस्तुलं आणि दोन छऱ्यांच्या बंदुका होत्या. रायफल एकही नव्हती. रायफली होत्या त्या गावाच्या राखणपथकाकडे. बँकवाल्यांच्या संघाने दरोडे थांबवायला गावोगाव अशी पथकं उभी केली होती, पाच-पाच माणसांची. खालून नववी ओळ अशी होती : 'एमिल कुबिकचा जीव घेणारी गोळी दंतवैद्याच्या दवाखान्याच्या माडीवरून गावातल्या एका माणसाने झाडली, याबद्दल शंका राहत नाही.'

फूटपट्टी पानावर ठेवलेलीच होती. तिने पातं टेकवलंही. मग उचललं, उठली आणि फळीवरचा डबा काढला.

ती तीन पानं तिने शेजारी-शेजारी मांडली. बहीण, साथीदार, पाद्री. एकोणीसशे चौपन्न, एकसष्ट, अठ्ठ्याहत्तर. तिघांनी ठरवून एकच सांगावं असं काही कारण नव्हतं. तिघं या कौंटीला एकच गोष्ट सांगत होते आणि कौंटीने ती ऐकली नव्हती, कारण मध्ये लिबी कुबिक बसली होती.

दुसऱ्या कुणी अशा वेळी डोकं धरून बसलं असतं. लिबीने खळ शिजवायला ठेवली. तिचा राग तेवढाच होता, फक्त आता तो कुणावर काढायचा हे तिला ठाऊक नव्हतं. टॅकेट मेलेला होता. हा जो कोणी होता तो कदाचित अजून गावात हिंडत असेल, रविवारी तिच्या मागच्या बाकावर बसून प्रार्थना म्हणत असेल.

पान काढायची युक्ती या वेळी कामाची नव्हती. पान घालायला हवं होतं. छापील पुस्तकात चूक राहिली तर प्रकाशक एक चिठोरी चिकटवतो, शुद्धिपत्राची. तिच्यावर कुणी संशय घेत नाही. लिबीने पुस्तकाच्या रंगाचा कागद शोधला. त्याची एक पट्टी ओली करून कोणत्या बाजूला वळते ते पाहिलं, कारण कागदालाही उभं-आडवं असतं आणि आडवा चिकटवला तर तो कायमचा पन्हाळीसारखा वाकतो. मग टाइपरायटरवर सहा चिठ्ठ्या केल्या :

'शुद्धिपत्र. पृष्ठ २१४, खालून नववी ओळ : "गावातल्या एका माणसाने" याऐवजी "............" असे वाचावे.'

रिकाम्या जागेत एक नाव मावणार होतं. जो कुणी हे पुस्तक घरी नेईल, त्याच्या घरात ते नाव जाणार होतं. त्या माणसाच्या मुलांच्या, नातवंडांच्या, त्याच्या थडग्यावर फुलं ठेवणाऱ्यांच्या घरातही.

नाव शोधायला तिला फार वेळ लागला नाही. पथकातले पाच जण गावाला पाठ होते आणि कुणाची जागा कुठे होती हेही. न्हावी त्याच्या दुकानात. दोघं भाऊ गिरणीवर. धान्याच्या उंच कोठारावर तिचे वडील, ज्यांना ती ताता म्हणायची. आणि दंतवैद्याच्या माडीवर हार्डवेअरच्या दुकानातला पोरगा, आल्विन होराक.

पाचांतला तेवढा एकच जिवंत होता.

लिबी खुर्चीत टेकली. आल्विन होराक दर ऑक्टोबरात तिच्या मागच्या दारी फोडलेल्या लाकडांचा एक ट्रक टाकून जायचा. हेज नावाच्या काटेरी झाडाची लाकडं, कोळशासारखी तापणारी. पैसे घ्यायचा नाही, कॉफीला थांबायचा नाही. गाव म्हणायचं, आल्विनचा लिबीवर जीव आहे. एक-दोन वर्षं तिलाही तसं वाटलं होतं. मग त्याने सालाइना गावातल्या एका मुलीशी लग्न केलं, लाकडं येतच राहिली, आणि ती का येतात हे विचारायचं राहून गेलं.

गुरुवारी दुपारी ती पुस्तक पिशवीत घालून त्याच्याकडे गेली. एक्याऐंशी वर्षांचा आल्विन गोठ्यामागे लाकडं रचत होता. तिला बघून त्याने हातमोजा काढला.

"चालत आलीस? मी शनिवारी आणून टाकणारच होतो."

"शनिवारी तो पुस्तकवाला येतोय. त्याच्याआधी तुला काही वाचून दाखवायचंय."

"चष्मा आत राहिला."

"तुला वाचायचं नाहीये. ऐकायचंय. कानातलं यंत्र चालू आहे का?"

"आहे."

"मग बस."

तो एका ओंडक्यावर बसला. लिबीने उभ्यानेच दोनशे चौदावं पृष्ठ वाचलं, सावकाश, शाळेत धडा वाचतात तसं. नववी ओळ दोनदा वाचली.

"त्या माडीवरच्या खिडकीत तू होतास," ती म्हणाली.

"होतो."

त्याने इतकं सरळ सांगितलं की वाटेत तयार केलेलं सगळं तिच्या तोंडातच राहिलं.

"अठ्ठावन्न वर्षं तू माझ्या दारात लाकडं टाकतोस."

"सत्तावन्न. पहिल्या वर्षी धीर झाला नाही."

"मी ती जाळली, आल्विन. कॉफी केली त्यांच्यावर. आईच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी तापवलं. तुझ्या लाकडांवर."

तिने पिशवीतून चिठ्ठी काढून त्याच्या डोळ्यांसमोर धरली, त्याच्याकडे चष्मा नव्हता तरी.

"या मोकळ्या जागेत मी तुझं नाव लिहिणार आहे. सहा प्रतींत. तुझी नात एल्सवर्थच्या शाखेत काम करते ना? तिच्याच हातात जाईल एक."

"लिही."

"लिही?"

"पेन्सिलीने नको पण. लोक खोडतात."

"टाइप करणार आहे."

"मग बरं."

लिबीला वाटलं, याच्या डोक्यात एक ओंडका घालावा. "एकदा नाही तरी म्हण."

"कशाला?"

"म्हणजे मला तुला खोटं पाडता येईल. एवढं चालत आले मी."

आल्विन हसला असता, पण हसू वाटेतच थांबलं. तो हातमोज्याची शिवण चाचपत राहिला.

"तो तुला दिसला नाही?" तिने विचारलं. "दर रविवारी नदीवर पोहायला जायचात दोघं. त्याच्या पाठीवरचा तीळ तुला माहीत होता. गाडीच्या पायरीवर उभा राहिलेला माणूस एमिल आहे हे तुला दिसलं नाही?"

"लिबी, तुला तो गवताचा माणूस आठवतो?"

तिला आठवला.

त्या वसंतात पथकाची कवायत चालायची, दर रविवारी चर्चमधली प्रार्थना झाली की, गावाबाहेरच्या कुरणात. हार्डवेअरच्या दुकानाचा मालक त्याची मोटार चालवायचा आणि तिच्या पायरीवर गवत भरलेला माणूस बांधलेला असायचा. दरोडेखोर पळताना एकाला पायरीवर उभा करतात, तो बंदूक घेऊन पहारा देतो, म्हणून आधी त्याला टिपायचं, असं बँकवाल्यांच्या संघाकडून आलेल्या माणसाने शिकवलं होतं. पाच जण पाळीपाळीने टिपायचे. बायका-मुली डबे घेऊन बघायला जायच्या. सहलीसारखंच होतं ते.

"ओलीस माणसांना उभं करतात हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं," आल्विन म्हणाला. "शिकवलं ते एवढंच, की पायरीवरचा माणूस आधी. वीस रविवार तेच केलं. त्या दिवशी गाडी वळली, पायरीवर रेघांची ओव्हरऑल दिसली, उजव्या गुडघ्यावर निळं ठिगळ. मी चेहरा बघितला नाही. आम्ही कधी बघतच नव्हतो. त्याला चेहराच नव्हता."

लिबी लाकडांच्या ढिगाला टेकली. गवताचा माणूस तिने शिवला होता. तिला चांगलं शिवता येतं म्हणून तातांनी तिलाच सांगितलं होतं, आणि कापड विकत कशाला आणायचं म्हणून तिने एमिलची जुनी ओव्हरऑल, कामावर घालायची खांदेपट्ट्यांची विजार, घेतली होती. गुडघ्यावरचं निळं ठिगळ तिनेच लावलेलं. नवी ओव्हरऑल त्याच गुडघ्यावर फाटली तेव्हा तिलाही त्याच निळ्या कापडाचं. एमिल गवताच्या माणसाशेजारी उभा राहून म्हणाला होता, "आई, याला जेवायला वाढ, मी बाहेर जातो." सगळे हसले होते.

हे तिला अठ्ठावन्न वर्षं माहीत होतं. पण आजपर्यंत ती गंमत म्हणूनच आठवत होती.

मग ती म्हणाली, "आम्ही कोण?"

"काय?"

"तू म्हणालास, आम्ही चेहरा बघत नव्हतो."

"कवायतीत. पाच जण."

"त्या दिवशी माडीवर तुझ्याबरोबर कोण होतं?"

आल्विन उठला आणि लाकडं रचायला लागला. एक, दोन, तीन. चौथं लाकूड तिने त्याच्या हातातून काढून घेतलं.

"आल्विन."

"कोठारावर फार उकडत होतं," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "पत्रा नुसता तापलेला. तुझे वडील पाणी प्यायला खाली आले होते. माडीवर माठ होता. रायफल बरोबरच होती त्यांची."

दूर कुणाच्या तरी शेतात ट्रॅक्टर चालू होता. लिबी तो आवाज ऐकत राहिली.

"दोन गोळ्या सुटल्या," आल्विन म्हणाला. "एकदमच. एक बँकेच्या खांबाला लागली, पोरं बोट घालतात ती. ती तुझ्या वडिलांची. माझी एमिलला लागली. नाव लिहायचं ते माझंच लिही."

"तुला कसं कळलं कुणाची कुठे लागली?"

"कळलं."

"दोन्ही रायफली एकाच पेटीतून आलेल्या. गोळ्या सारख्या. एकदमच सुटल्या म्हणतोस."

"तो पडला तेव्हा ताता ओरडले नाहीत," आल्विन म्हणाला; त्यानेही त्यांना ताताच म्हटलं. "रायफल टेबलावर ठेवली, अगदी हळू, आवाज होऊ नये तशी. जिन्यापाशी गेले आणि तिथेच थांबले. खाली तुझी आई ओरडत होती. त्यांना पायरी उतरता येईना. मी म्हटलं, काका, माझी लागली, मी पाहिली. ते म्हणाले, नक्की? मी म्हटलं, नक्की. त्यांनी परत विचारलं. मग आमचं तसं ठरलं, आणि मग ते उतरले."

लिबी घरी कशी आली ते तिला नीट आठवत नव्हतं. आठवत होते ते ताता. त्यानंतर ते बावीस वर्षं जगले आणि बावीस वर्षं चुलीपाशी उभ्याने जेवले. टेबलावर आईच्या समोर कधी बसले नाहीत. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी सगळं गाव मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जायचं, तेव्हा ते गोठ्यात काहीतरी काम काढायचे. आणि टॅकेटला त्यांनी जन्मात एक शिवी दिली नाही. लिबीला त्याचाच सगळ्यात संताप यायचा. एका नाताळात ती त्यांच्या अंगावर धावून गेली होती : तुमच्या मुलाला मारलं त्याने, एकदा तरी मेल्या म्हणा. तातांनी कोट चढवला आणि ते बर्फात निघून गेले. ते भित्रे आहेत असं तिने तेव्हा ठरवून टाकलं होतं, आणि ते मरेपर्यंत त्यांना तशीच वागवत आली.

शुक्रवारी तिने सहाही प्रतींना कव्हरं चढवली. मग जुनी तीन पुस्तकं फडताळातून काढली आणि डब्यातली ती तीन पानं त्यांच्या जागी परत बसवली. उरलेल्या पट्टीवर खळीची बारीक रेघ, मेणकागद, वीट. पान घालणं काढण्यापेक्षा सोपं असतं हे तिला ठाऊक होतं, पण करायची वेळ कधी आली नव्हती. विधवेचं गहाणखत आणि माउथ ऑर्गन मात्र डब्यातच राहिले. टॅकेटने एमिलला पायरीवर उभं केलं होतं, आणि तेवढ्यासाठी त्याला काही एक माफ होणार नव्हतं.

सहा चिठ्ठ्या टाइपरायटरच्या शेजारी पडून होत्या. तिने पहिली यंत्रात घातली, आल्विनच्या नावातलं पहिलं अक्षर मारलं आणि थांबली. नाव तिला हवंच होतं. खोटं नाव असेल, तर मात्र ती परत एका वाचनालयभर लोकांना चुकीचा माणूस देणार होती, आणि या वेळी तो माणूस तिच्या मागच्या दाराशी येणारा होता. खरं असेल, तर सत्तावन्न वर्षांची लाकडं त्याला पुरणार नव्हती. आणि दुसरं नाव असेल, तर ते तिचंच आडनाव होतं.

"झालं का, मिस कुबिक?" रूथॲनने जिन्यावरून विचारलं.

"कव्हरं झालीत. घेऊन जा."

"आणि ते काय टाइप करताय?"

"एक चूक आहे. कुणाची ते अजून कळायचंय."

शनिवारी सकाळी दहाला वाचनालयात खुर्च्या मांडल्या जात होत्या, आणि आल्विनचा ट्रक नेहमीसारखा लिबीच्या मागच्या दारी आला. त्याने मागची फळी पाडली, हातमोजे चढवले. लिबी बाहेर आली ती कोट घालून, खिशात सहा चिठ्ठ्या, आणि ट्रकच्या मागे अशी उभी राहिली की त्याला एकही लाकूड काढता येईना.

"बाजूला हो लिबी, पायावर पडेल."

"पडू दे. एक सांग आणि मग टाक काय ते."

त्याने कानामागे हात नेला. तिने त्याचं मनगट धरलं.

"ते बंद करू नकोस. त्या दिवशी जिन्यावर तू तातांना म्हणालास, मी पाहिली. आणि मग म्हणालास, आमचं ठरलं. मला एवढंच सांग, आल्विन, तू पाहिली होतीस, की ठरवलीस?"